सेवेचं शिक्षण घ्यायचंय? बेळगाव सीमाभागातल्या नव्या उमेदवारांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इकडच्या मराठी ख्रिस्ती घरांतली मुलं-मुली पदवी हातात पडली की विचारतात, "सेवेत जायचंय, कुठली सेमिनरी चांगली?" सेवा म्हणजे पाळकाचं, चर्चचं काम आणि सेमिनरी म्हणजे ते शिकवणारं कॉलेज. या प्रश्नाला मी लगेच उत्तर देत नाही. उलट विचारतो: शिकून झाल्यावर कुणापुढं उभं राहणार, आणि कुठल्या भाषेत? खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात मराठीतून उपासना चालवायची असेल तर एक वाट. गोकाक-बैलहोंगलकडं कन्नड मंडळीत, म्हणजे कन्नड बोलणाऱ्या चर्चमध्ये, जायचं असेल तर दुसरी. कॅम्पातल्या इंग्रजी उपासनेत, कॉलेजच्या मुलांत काम करायचं किंवा इस्पितळात रुग्णांच्या उशाशी बसायचं असेल तर आणखी वेगळी. पदवी, माध्यम, गाव, खर्च हे सगळं या एका उत्तरावरून मागं मागं ठरवत यायचं.

आपल्याकडं बहुतेकदा आधी कॉलेज पक्कं होतं. मग चार वर्षांनी मुलगा परत येतो आणि मयताच्या घरी मराठीत पाच मिनिटं प्रार्थना करताना अडखळतो. बायबलच्या जर्मन पंडितांची नावं तोंडपाठ असतात, पण समोर बसलेल्या काकूंना काय सांगायचं ते सुचत नाही.

बेळगावानं तरी याबाबत मागं राहायचं कारण नाही. लंडन मिशनरी सोसायटीचं काम इथं १८२० साली सुरू झालं आणि १९०४ साली ते मेथडिस्टांकडं आलं. मराठीत ख्रिस्ती विचार लिहिणारे बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावातच जन्मले आणि १८५४ साली त्यांचा बाप्तिस्माही इथंच झाला. तेव्हा मराठीतून हे शास्त्र नीट बोलता येतं का, अशी शंका निदान इथं कुणी काढू नये.

सुरुवात आपल्या मंडळीतून

सेमिनरीचा अर्ज भरण्याआधी किमान वर्षभर स्वतःच्या मंडळीत काहीतरी काम हातात घ्या. संडे स्कूल, तरुण संघ, आजाऱ्यांच्या भेटी, गायनमंडळ, काहीही चालेल. याचं एक कारण अगदी व्यवहाराचं आहे: जवळपास प्रत्येक सेमिनरी पाळकाचं शिफारसपत्र मागते आणि ज्या पाळकानं तुम्हाला फक्त नाताळात पाहिलंय तो काय लिहिणार? दुसरं कारण असं की लोकांची कटकट सहन होते की नाही, हे वर्षभरात तुमचं तुम्हालाच कळतं. ज्यांना होत नाही त्यांनी शिक्षक व्हावं, वकील व्हावं. त्यात कमीपणा काही नाही.

पुढची पायरी प्रत्येक पंथात निराळी. मेथडिस्ट मंडळीत आधी स्थानिक उपदेशक म्हणून परवाना, मग डिस्ट्रिक्ट कॉन्फरन्स, मग प्रादेशिक कॉन्फरन्स अशा चढत्या पायऱ्या असतात. चर्च ऑफ साउथ इंडियाची मंडळी असेल तर तुमचं प्रकरण पास्टोरेट कमिटीतून धारवाडच्या बिशप कार्यालयाकडं जातं. सीमेपलीकडं कोल्हापूर-मिरजेकडं नातेवाईक असतील तर तिकडची बरीच मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, म्हणजे नियम पुन्हा वेगळे. कॅथलिक मुलांनी आपल्या पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) फादरांना भेटावं. बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झालाय आणि याजकपदासाठी जाणाऱ्यांची निवड तिथून होते. स्वतंत्र किंवा पेंटेकॉस्टल मंडळीत हे सगळं एका पास्टरच्या शब्दावर चालतं. ते सोपं वाटतं, पण उद्या त्यांचं-तुमचं पटलं नाही तर मागं उभं राहायला कुणी नसतं. म्हणून तिथं एकाऐवजी दोन-तीन वडीलधाऱ्यांचं पाठबळ आधीच मिळवून ठेवा.

मुलींसाठी वेगळं सांगायला हवं. सेमिनरीत प्रवेश मिळणं आणि नंतर पाळकपदाची दीक्षा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चर्च ऑफ साउथ इंडियात स्त्रिया पाळक आहेत, २०१३ साली पुष्पा ललिता या तिथल्या पहिल्या महिला बिशपही झाल्या. कॅथलिक चर्चमध्ये स्त्रियांना याजकपद नाही, पण ईशज्ञानाचं (थिऑलॉजीचं) शिक्षण घेता येतं. बऱ्याच स्वतंत्र मंडळ्यांत या विषयावर कुणी तोंडच उघडत नाही. तेव्हा घरून निघायच्या आधी स्पष्ट विचारा: "शिकून आले तर मला कुठलं काम द्याल?" उत्तर गोलमोल आलं तर शिक्षण सोडू नका, पण इस्पितळ, शाळा, वसतिगृह, समुपदेशन केंद्र अशा कामाकडं नजर ठेवून विषय निवडा.

पदव्यांचा गुंता

या क्षेत्रात मान्यतेची दोन मोठी घराणी आहेत. पहिलं सेरामपूरचं. हे नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, कोलकात्याजवळ हुगळीकाठचं. विल्यम कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी १८१८ साली तिथं कॉलेज काढलं, १८२७ साली डेन्मार्कच्या राजाच्या सनदेनं त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला आणि १९१८ च्या कायद्यानं तो पक्का झाला. आज देशभरातली कितीतरी कॉलेजं 'सेनेट ऑफ सेरामपूर'ला जोडलेली आहेत. दुसरं घराणं एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनचं, ज्याला सगळे एटीए म्हणतात. ही १९७० ची संघटना. ती सेमिनऱ्यांची तपासणी करून मान्यता देते, स्वतः विद्यापीठ नाही.

बारावीनंतर बी.टीएच. (बॅचलर ऑफ थिऑलॉजी) करता येतं. तुम्ही पदवीधर असाल तर सेरामपूरच्या पद्धतीत बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) करायचं, साधारण चार वर्षांचं. नाव 'बॅचलर' असलं तरी ते पदवीनंतरचंच शिक्षण आहे, त्यामुळं "एवढं शिकून पुन्हा बॅचलर?" असं मामा म्हणाले तर मनावर घेऊ नका. एटीएच्या पद्धतीत त्याच जागी एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) येतं, पदवीधरांना बहुधा तीन वर्षांचं. त्यापुढं एम.टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी), दोन वर्षं, एका विषयात खोल जाण्यासाठी. जुना करार, नवा करार, चर्चचा इतिहास, मिशन, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचा म्हणजे पाळकीय संगोपन आणि समुपदेशन.

नोकरी सोडता येत नसेल तर सेरामपूरच्या सेनेटचाच बहिःस्थ विभाग आहे, कोलकात्यात. त्याचं नाव सेप्ट्रे. तिथून डिप्लोमा किंवा बी.सी.एस. म्हणजे बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज घरबसल्या करता येतं. शाळेत शिकवणाऱ्या, बँकेत काम करणाऱ्या, पण मंडळीत जबाबदारी घेणाऱ्या माणसांना हा उत्तम मार्ग. पाळक व्हायला मात्र तेवढ्यावर बहुतेक पंथ तयार होत नाहीत.

आता नाजूक मुद्दा. हे शिक्षण झाल्यावर सरकारी नोकरीत, स्पर्धा परीक्षेत किंवा दुसऱ्या विद्यापीठाच्या पीएच.डी.ला ही पदवी चालेलच असं धरून चालू नका. काही विद्यापीठं मानतात, काही मानत नाहीत. जिथं पुढं जायचंय तिथून लेखी उत्तर मागवा. विद्यापीठाचाच शिक्का हवा असेल तर म्हैसूर विद्यापीठात ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाचा विभाग आहे, मद्रास विद्यापीठातही आहे. तिथलं एम.ए. अभ्यासाचं असतं, पाळक घडवण्याचं नसतं, एवढं लक्षात ठेवा.

आणि हो, पैसे भरले की सहा महिन्यांत 'डॉक्टर' करणाऱ्या संस्था आपल्या भागातही जाहिराती करतात. हॉटेलच्या सभागृहात टोपी-गाऊन घालून फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी नावापुढं डॉ. लागतं. ओळखायची खूण सोपी आहे: अभ्यासक्रम कुठल्या मान्यतेखाली आहे असं विचारलं की ते परदेशातल्या, कधी न ऐकलेल्या 'विद्यापीठा'चं नाव घेतात. तिथून उठून यायचं.

पुणे, बेंगळुरू की मंगळूर?

मराठी माणसाची पहिली ओढ पुण्याकडं. बिबवेवाडीतली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ साली पुण्यात आली. शिकवणं इंग्रजीत, पण बाहेर पडलं की मराठी शहर, मराठी मंडळ्या, शनिवार-रविवारी मराठीतून काम करायची संधी. सीमाभागातल्या मराठी मंडळीत परत यायचं असेल तर माझं मत पुण्याच्या बाजूनं झुकतं, आणि कारण हेच. कॅथलिकांसाठी नगर रोडवरचं ज्ञानदीप आहे. ते मूळचं श्रीलंकेतल्या कँडीचं, १८९३ चं, १९५५ साली पुण्याला हललं. तिथं सिस्टर्स आणि प्रापंचिक लोकही शिकतात.

बेंगळुरूला राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री बसलं की सकाळी पोचता येतं. १९१० सालचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज तिथं आहे, वाचनालय आणि विचारांचा मोकळेपणा या दोन्हीसाठी नावाजलेलं. घरी साध्या श्रद्धेत वाढलेली मुलं पहिल्या वर्षी तिथं जरा हादरतात. ते वाईट नाही. एम.टीएच. आणि त्यापुढच्या संशोधनासाठी १९८२ साली सुरू झालेली सायक्स ही संस्थाही बेंगळुरूतच. मंगळूरला बलमठ्यावर कर्नाटक थिऑलॉजिकल कॉलेज आहे, बासेल मिशनच्या परंपरेतलं. कन्नड मंडळीत काम करायचं पक्कं असेल तर तिकडं जा, तिथं कन्नडमध्ये धर्मविचार करायची सवय लागते. मेथडिस्टांपैकी काही जण जबलपूरच्या लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेजातही जातात.

भाषेवरून इकडं रस्त्यावर काय काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पण पाळकाच्या कामात कन्नड टाळता येत नाही. तहसीलदार कचेरीतला अर्ज, पोलीस ठाण्यातली परवानगी, दफनभूमीच्या जागेचा उतारा, सगळं कन्नडमध्ये. शिवाय तुमच्याच मंडळीतल्या सुनांपैकी निम्म्या कन्नड घरांतून आलेल्या असू शकतात. मराठीत प्रवचन, कन्नडमध्ये बोलणं-वाचणं, इंग्रजीत अभ्यास, एवढं जमवायलाच लागतं. त्यात बी.डी.ला हिब्रू किंवा ग्रीकची भर पडते. शाळेत संस्कृतची विभक्ती पाठ केलेल्यांना ग्रीक जरा सोपं जातं.

अर्ज, परीक्षा, मुलाखत

वर्ग बहुतेक ठिकाणी जूनच्या सुमाराला सुरू होतात, त्यामुळं चौकशी आदल्या दिवाळीपासूनच करायला लागा. कागदांची जमवाजमव वेळ खाते. बाप्तिस्म्याचा दाखला हे त्यातलं सगळ्यात चिवट प्रकरण. जुन्या वहीत नाव एका तऱ्हेनं, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या, आधारवर तिसऱ्या. बेळगावात तर एकच आडनाव कन्नड लिपीतून इंग्रजीत गेलं की ओळखू येत नाही. हे आधी सरळ करून घ्या. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या किंवा जिथली पदवी असेल तिथल्या गुणपत्रिका, वैद्यकीय दाखला, पाळकाची आणि बिशप किंवा संस्थेच्या प्रमुखांची शिफारस, लग्न झालं असेल तर जोडीदाराची संमती, हे साधारण सगळीकडं लागतं.

शिवाय एक आत्मकथन मागतात: देवानं बोलावलं असं तुम्हाला का वाटतं? इथं मुलं दुसऱ्याची साक्ष उतरवतात. "मी पापात बुडालो होतो" पासून सुरुवात, मध्ये एक अपघात, शेवटी प्रकाश. मुलाखत घेणाऱ्यांनी अशा शेकडो वाचलेल्या असतात. तुमची आई गुंजी स्टेशनजवळच्या लहानशा चर्चमध्ये रविवारी झाडू मारायची आणि तुम्ही तिच्या मागं मागं जायचा, एवढंच खरं असेल तर एवढंच लिहा.

प्रवेश परीक्षेत बायबलचं ज्ञान आणि इंग्रजी असतंच. मराठी माध्यमातल्यांची खरी अडचण अशी की बायबल चांगलं माहीत असतं, पण मराठीत. पुस्तकांची नावं, माणसांची नावं इंग्रजीत आली की गोंधळ होतो. यशया म्हणजे कोण, अनुवाद म्हणजे कुठलं पुस्तक, मिसरातून निर्गमन इंग्रजीत कसं लिहायचं. दोन महिने मराठी आणि इंग्रजी पवित्र शास्त्र शेजारी शेजारी ठेवून रोज वाचा. इंग्रजीही सुधारतं आणि परीक्षाही सुटते. यापेक्षा स्वस्त क्लास नाही.

पैशाचं बोलणं आधी

वसतिगृह, जेवण, शिकवणी, पुस्तकं धरून खर्च संस्थेप्रमाणं खूप बदलतो. आकडा त्यांच्या चालू वर्षाच्या पत्रकातूनच घ्या. महत्त्वाचं असं की तो कोण भरणार. मंडळी किंवा डायोसिस (धर्मप्रांत) पाठवत असेल तर बहुधा अट असते: परत येऊन इतकी वर्षं आम्ही सांगू तिथं काम करायचं. अट योग्यच आहे, पण कागदावर असू द्या. किती वर्षं, मधेच सोडलं तर काय, लग्न झालं तर घराचं काय. तोंडी बोलण्यावर गेलेली मुलं नंतर कमिटी बदलली की लटकतात. नवीन सेक्रेटरी म्हणतो, "आम्हाला यातलं काही माहीत नाही."

समुपदेशन: इथं घाई नको

सेमिनरीतल्या सगळ्या विषयांत हाच विषय सीमाभागात परत आल्यावर रोज कामी येतो. ग्रीक कधीतरी, हा रोज. आणि हाच सगळ्यात सोपा समजला जातो, कारण सल्ला द्यायला आपल्याकडं कुणाला शिकावं लागतंय?

शिक्षण कसं होतं ते आधी सांगतो. वर्गातल्या तासांबरोबर इस्पितळातलं प्रत्यक्ष काम असतं, त्याला क्लिनिकल पास्टरल एज्युकेशन किंवा सीपीई म्हणतात. १९२५ साली अमेरिकेत वूस्टरच्या मनोरुग्णालयात अँटन बॉयसन या पाळकानं विद्यार्थ्यांना रुग्णांत नेऊन बसवलं, तिथून ही पद्धत निघाली. बॉयसन स्वतः मानसिक आजारातून गेलेले होते. 'जिवंत माणसं हेच दस्तऐवज' अशी त्यांची दृष्टी. आपल्याकडं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हे प्रशिक्षण मिळतं. विद्यार्थी रुग्णाला भेटतो, खोलीत परत येऊन झालेलं बोलणं आठवून शब्दशः लिहितो आणि मार्गदर्शकासमोर ठेवतो. साधारण असं:

आजी: पोरगा गेला, आणि मला ठेवलंय देवानं. मला ठेवून काय करायचंय सांगा.
विद्यार्थी: आजी, असं म्हणू नये. देवाची काहीतरी योजना असते.
आजी: होय की. (तोंड फिरवते.)

मार्गदर्शक इथं बोट ठेवतात. आजीनं तोंड का फिरवलं? 'असं म्हणू नये' हे कुणासाठी होतं, आजीसाठी की तुला ते ऐकवेना म्हणून? त्या जागी काय म्हणता आलं असतं? "जगून काय करू असं वाटतंय तुम्हाला?" एवढं म्हणून गप्प बसला असता तर आजी पुढं बोलली असती. कदाचित मुलाबद्दल, कदाचित सुनेबद्दल, कदाचित खरंच मरणाबद्दल. बोलल्या असत्या तर सरळ विचारायचं: "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार घुसत नाही, उलट ओझं हलकं होतं. शेतकऱ्याच्या घरात त्यापुढचा प्रश्न, औषध कुठं ठेवलंय? फवारणीचं औषध घरातून हलवून कुलपात किंवा शेजाऱ्याकडं ठेवणं हे त्या दिवशीचं सगळ्यात महत्त्वाचं पाळकीय काम असू शकतं, प्रार्थनेइतकंच.

दुःखाच्या पाच अवस्था प्रत्येक विद्यार्थी पाठ करून येतो: नकार, राग, वाटाघाट, खिन्नता, स्वीकार. कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्या विधवेला त्या क्रमानं चालवायला निघू नका. ती तिसऱ्या दिवशी हसेल आणि दोन वर्षांनी ऐन नाताळात कोसळेल.

दारूचं प्रकरण तर प्रत्येक गल्लीत. घरची माणसं नवऱ्याला धरून पाळकाकडं आणतात, प्रार्थना होते, बायबलवर हात ठेवून शपथ होते, "आजपासून थेंब नाही." रोज भरपूर पिणाऱ्या माणसानं एकदम बंद केलं तर पहिल्या दोन-चार दिवसांत हात कापणं, आकडी, भ्रम होऊ शकतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून शपथ घेण्याआधी डॉक्टर. नंतर एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट, आणि बायको-मुलांसाठी तसाच अल-अ‍ॅनॉन. त्या बाईशीही स्वतंत्र बोला. तिला मार बसतोय का हे तिच्या नवऱ्यासमोर विचारून कळणार नाही. महिला हेल्पलाइन १८१ पाठ असू द्या.

आपलं काम कुठं संपतं हे ओळखणं ही या शिक्षणातली सर्वात अवघड गोष्ट. कानात आवाज येतात म्हणणारा मुलगा, आठवडाभर न झोपता बडबडणारी सून, बाळंतपणानंतर बाळाकडं न बघणारी आई, यांना आधी मानसोपचाराची गरज आहे. भूतबाधा म्हणून रात्रभर प्रार्थना घालणारे पाहिले की माझा संयम सुटतो. बेळगावात सरकारी बिम्स इस्पितळात आणि केएलईच्या इस्पितळात जाता येतं. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था साधारण ७५ किलोमीटरवर आहे. २०२२ सालापासून टेली-मानस ही सरकारी फोनसेवा आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, भाषा निवडायची सोय आहे. रुग्णाला पाठवलं म्हणजे सोडलं असं नाही. त्याच्याबरोबर जा, गोळ्या चालू आहेत का विचारत राहा, आणि "विश्वास असेल तर गोळ्या कशाला" असं कुणी म्हणालं तर त्याला तिथंच थांबवा.

गुप्तता पाळायची, पण तिला कायद्याची सीमा आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो (बाल लैंगिक अत्याचारविरोधी) कायद्याच्या कलम १९ प्रमाणं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. आरोपी मंडळीचा खजिनदार असला तरी. मुलांची हेल्पलाइन १०९८. पाळक म्हणून बोलणं सुरू करतानाच सांगून ठेवावं की कुणाच्या जिवाला किंवा लेकराला धोका असेल तर मी गप्प राहू शकणार नाही.

आणखी दोन गोष्टी. एम.टीएच. समुपदेशनात केलं तरी स्वतःला 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवता येत नाही. त्याला वेगळं शिक्षण आणि रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी लागते. पाटीवर 'पाळकीय समुपदेशक' लिहा, पुरेसं आहे. दुसरं, इस्पितळात किंवा हिंडलग्याच्या कारागृहात भेटणारी बहुतेक माणसं ख्रिस्ती नसतील. त्यांच्या दुःखाचा उपयोग धर्म सांगायला करायचा नाही. कर्नाटकात २०२२ साली धर्मांतराबाबत कायदा झालाय हे एक कारण, पण कायदा नसता तरी हे चूकच होतं. रुग्णानं प्रार्थना मागितली तर करा, त्याच्या शब्दांत करा. कारागृहात अधीक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल ठेवू नका.

नेतृत्व म्हणजे बरंचसं कारकुनी काम

सेमिनरीत नेतृत्वावर मोठमोठे तास होतात. मंडळीत आल्यावर त्याचं रूप वेगळं दिसतं: इतिवृत्त वेळेवर लिहिणं, पावती पुस्तक, जमाखर्च फळ्यावर लावणं, दोन आडनावांच्या भांडणात कमिटी फुटू न देणं. मराठी आणि कन्नड उपासना एकाच इमारतीत असतील तर सकाळची वेळ कुणाची, नाताळाच्या रात्री कुठली भाषा आधी, यावरून वर्षानुवर्षांचे रुसवे असतात. नव्या पाळकानं पहिल्या वर्षी वेळापत्रकाला हात लावू नये, हा माझा ठाम सल्ला. आधी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांच्या घरी चहा प्या.

पैशाबाबत एक गोष्ट शिकत असतानाच समजून घ्या. परदेशातला एखादा ओळखीचा माणूस म्हणेल, "सेवेसाठी तुझ्या खात्यावर पाठवतो." तसं घ्यायचं नाही. परदेशी देणगीसाठी संस्थेची एफसीआरए (परदेशी देणगी कायदा) खालची नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. त्या दुरुस्तीनं एका संस्थेनं ती रक्कम दुसरीला देणंही बंद केलं. "आमच्या संस्थेतून फिरवून देतो" म्हणणाऱ्यापासूनही लांब राहा.

शिकत असताना सुट्टीत घरी याल तेव्हा नुसतं आराम करू नका. उन्हाळ्यातलं क्षेत्रकार्य शक्यतो आपल्याच भागात मागून घ्या: एक वर्ष खानापूरकडच्या एखाद्या गावात, एक वर्ष बेळगावच्या इस्पितळात, एक वर्ष कन्नड मंडळीत. प्रवचन इंग्रजीत तयार करून मराठीत बोलायची सवय लागली असेल तर ती इथंच मोडते. सुरुवातीपासून मराठीत विचार करून लिहा आणि आधी घरच्या एखाद्या कमी शिकलेल्या माणसाला वाचून दाखवा. त्यांना कुठं कंटाळा आला ते चेहऱ्यावरून कळतं.

पदवी हातात आल्यावर लगेच दीक्षा मिळत नाही. बहुतेक पंथांत आधी उमेदवारीचा काळ असतो, एखाद्या ज्येष्ठ पाळकाच्या हाताखाली, तुटपुंज्या मानधनावर. पहिली नेमणूक कुठं होईल ते तुमच्या हातात नसतं, अथणी किंवा रायबागकडचं एखादं गावही असू शकतं. घरात लग्नाची बोलणी चालू असतील तर मुलीकडच्यांना किंवा मुलाकडच्यांना हे सगळं आधीच सांगा: बदल्या, पगार, रात्री-अपरात्री येणारे फोन. आणि निघण्यापूर्वी कन्नड बाराखडी पक्की करून घ्या, पहिल्याच महिन्यात कुठल्या ना कुठल्या नोंदवहीत सही करावी लागणार आहे.